घर विकायला काढताना

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मला येथे बोलायला उभे केले आहे, याचे माझे मलाच नवल वाटते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आजवर भाषण असे एकदाच केले, तेही शाळेत टिळक पुण्यतिथीला, आणि निम्म्यावर विसरून रडत खाली बसले. म्हणून आज सगळे कागदावर उतरवूनच आणले आहे. वाचताना अडखळले तर सांभाळून घ्या.

झाले असे की, गेल्या महिन्यात हळदीकुंकवाला बसलो असता कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही गावभागातलं घर विकून इकडं विश्रामबागेत आलात. आपल्यातल्या चारपाच जणींची जुनी घरं विकायची आहेत. गिऱ्हाईक येण्याआधी घरात काय काय करायचं, ते पुढच्या सभेत सांगा." मी हो म्हटले. मनात म्हटले, त्यात काय सांगायचे? झाडावे, पुसावे, रंग द्यावा, दार उघडावे. पण लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की एवढेच सांगितले तर ते खोटे होईल. कारण घर विकताना माझ्या हातून एक चूक झाली, आणि जे काही शिकले ते त्या चुकीनेच शिकले. तेव्हा तीही सांगणार आहे.

आमचे घर गावभागात, गणपतीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांनी ते १९७४ साली घेतले. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि एवढेसे परसू. वर एक माडी. मी १९९९ साली लग्न होऊन त्या घरात आले. माझी दोन्ही बाळंतपणे झाल्यावर मुले त्याच माजघरात न्हाऊमाखू घातली. घराला तोटा एकच. कृष्णामाई.

तुम्ही सगळ्या सांगलीच्याच, तेव्हा पूर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पावसाळा लागला आणि कोयनेचे पाणी सोडले की आपल्याकडे दुसरे बोलणेच नसते. जो तो विचारतो, "पुलाला किती झालं?" आयर्विन पुलाला ४० फूट झाले म्हणजे इशारा आणि ४५ झाले म्हणजे धोका, हे आपल्या मुलांना पाढ्यांच्या आधी येते. २००५ साली पाणी आमच्या ओटीवर घोट्याइतके आले. २०१९ च्या ऑगस्टात पुलाला ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या माजघरात छातीइतके पाणी होते. आम्ही मिरजेला माझ्या बहिणीकडे होतो. परत आलो तेव्हा घरात बोटभर गाळ आणि असा वास की देवघरापुढे सुद्धा उभे राहवेना. ते घर धुऊन उभे करतो न करतो तोच २०२१ च्या जुलैत पुन्हा गुडघ्याइतके पाणी.

आमच्या सासूबाईंची एक रीत होती. पूर ओसरला की माजघराच्या भिंतीवर, कोनाड्याच्या शेजारी, पाणी जिथवर आले तिथे खिळ्याने ओरखडा काढायच्या, त्यात गेरू भरायच्या आणि बाजूला साल लिहायच्या. असे तीन ओरखडे होते. मी एकदा म्हटले, "कशाला हवी ती दुःखाची आठवण?" त्या म्हणाल्या, "आठवण नव्हे गं, हिशेब आहे. पुलाला ५३ फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागतं, हे मला ह्या भिंतीनं शिकवलं."

२०२२ च्या माघात सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाची वाट न पाहता दिवाळीत सगळी भावंडे एकत्र बसली आणि घर विकायचे ठरले. भाऊजी पुण्याला, वन्सं इचलकरंजीला, आणि आम्ही दोघे दर पावसाळ्यात बोचकी बांधून बसलेली. आमच्या घरातले दुकानात नोकरीला. आता त्यांच्याने सिलिंडर आणि धान्याचे डबे माडीवर चढवणे होत नव्हते.

आता मूळ विषयाकडे येते.

पहिली गोष्ट, घराच्या आधी कागद झाडावेत. आम्ही बायका भिंती झाडतो, माळा झाडतो, पण ट्रंकेतल्या कागदांना हात लावत नाही. ते पुरुषांचे काम समजतो. आमचे कागद काढले तर काय? नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकत पत्रिकेवर सासऱ्यांचेच नाव. ते जाऊन तेरा वर्षे झाली होती, आणि वारसनोंद कुणी केलीच नव्हती. गिऱ्हाइकाने कितीही पसंत केले तरी मेलेला माणूस खरेदीखतावर सही कशी करणार? वारसनोंद, मूळ खरेदीखत, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, हे सगळे एका पिशवीत लागायला आम्हाला चार महिने गेले. तुमचे घर विकायचे असेल तर आज घरी गेल्यावर एवढे एक पाहा, की त्या पत्रिकेवर कुणाचे नाव आहे.

आणि इथेच वन्संचा प्रश्न आला. भाऊजी म्हणाले, "ताईकडून हक्कसोडपत्र करून घेऊ. तिचं सगळं चांगलं चाललंय." आमच्या घरातले गप्प बसले. खरे सांगते, मीही गप्प बसले. दोन वाटे आणि तीन वाटे यांत केवढा फरक पडतो, हा हिशेब मीही मनात केला होता. पण वकीलसाहेबांनी स्पष्ट सांगितले, की १९५६ च्या वारसा कायद्याने, मृत्युपत्र केलेले नसेल तर बापाच्या कमाईच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तिने आपण होऊन सोडला तर गोष्ट निराळी. मागून घ्यायचा नाही. शेवटी त्यांनी वन्संना फोन लावला आणि म्हणाले, "तुझा तिसरा वाटा आहे, तुला तो हवा आहे का?" पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग वन्सं म्हणाल्या, "हवा आहे, दादा. कुणीतरी विचारलंत, बरं वाटलं." आपण म्हणतो बहिणीची सही घेतली. बहिणीला वाटा दिला, असे फार थोडे म्हणतात.

दुसरी गोष्ट, अडगळ. दोन पूर जाऊनही आमच्या घरात इतके सामान कुठून होते, देव जाणे. सासूबाईंनी तेलाचे रिकामे डबे ठेवले होते. मोडका पाळणा होता. पाण्याने फुगलेल्या कपाटाचे दार होते, नुसते दार. बघायला येणाऱ्या माणसाला आपल्या वस्तूंत गोडी नसते. त्याला जागा बघायची असते. आपली खाट काढल्यावर तिथे त्याची खाट बसेल का, एवढेच तो मनात मोजत असतो. म्हणून चार कोपरे मोकळे करावेत. भांडी पितळेची असतील तर आधी भावंडांत वाटून घ्यावीत, म्हणजे पुढे बोल लागत नाही. पण घर अगदी रिकामेही करू नये. चूल पेटत नाही त्या घराला ओशाळवाणी कळा येते. देवापुढे दिवा असावा, तुळशीला पाणी असावे, मोरी कोरडी असावी.

तिसरी गोष्ट, लहान दुरुस्त्या. गळका नळ, न लागणारी कडी, फुटलेली फरशी, हलणारे विजेचे बटण. ह्यांना पैसे थोडे लागतात आणि त्या केल्या नाहीत तर मोठे नुकसान होते. नळ ठिपकत असला की बघणारा मनात म्हणतो, हे डोळ्यांना दिसते आहे तर न दिसणारे किती असेल! आम्ही २०१९ नंतरच विजेचे बोर्ड छातीच्या वर घेतले होते, त्याचा पुढे फार उपयोग झाला. चौकटीला वाळवी आहे का, ते सुरीच्या टोकाने टोचून आधी आपणच पाहावे.

चौथी गोष्ट, वास. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. माझ्या बहिणीला मी मिरजेहून मुद्दाम बोलावले आणि म्हटले, दारात उभी राहा आणि खरे सांग. ती म्हणाली, "अक्का, ओल्या पोत्यासारखा वास आहे." मग आठ दिवस रोज सकाळी सगळी दारेखिडक्या उघडी ठेवली, गाद्या उन्हात टाकल्या, मोरीत चुना टाकून घासली. उदबत्तीचा भडिमार करू नये. चार चार उदबत्त्या लावल्या की येणारा मनात म्हणतो, हे काय झाकत आहेत?

आणि आम्ही झाकतच होतो. आता माझी चूक सांगते.

जमिनीपासून तीनेक फूट माजघराच्या भिंतीला लोणा लागला होता. पांढरी बुरशीसारखी पूड सुटायची आणि गिलावा हाताला यायचा. त्याच भिंतीवर सासूबाईंचे तीन ओरखडे. दलाल घर बघून गेला तो म्हणाला, "वहिनी, ही भिंत एकदा गुळगुळीत करून टाका. आणि पुराचं नाव तोंडातून काढू नका. विचारलं तर म्हणा, थोडं येतं." भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." रंगारी मात्र जुना माणूस होता. त्याने भिंतीला पालथा हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, भिंत अजून ओली हाय. वरून लांबी आणि पलास्टिकचा रंग मारला तर आतलं पाणी जाणार कुठं? उन्हाळाभर वाळू द्या आणि चुना मारा. चुन्यातनं भिंत श्वास घेती." आम्ही ऐकले नाही. साडेसहा हजार रुपये देऊन लांबी भरली आणि फिका पिवळा रंग दिला. रंगारी ओरखड्यांपाशी आला तेव्हा थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी म्हटले, "भरून टाका." हे शब्द माझेच. भाऊजींचे नव्हेत, दलालाचे नव्हेत.

घर दिसायला सुरेख झाले, यात शंका नाही. माणसे येऊ लागली. कुणी उत्तर दिशा बघितली, कुणी गाडी कुठे लागेल ते विचारले. दोघांनी पुराचे विचारले, तेव्हा मी खाली मान घालून म्हटले, "थोडं येतं."

२०२३ च्या जानेवारीत एक कुटुंब आले. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. ती म्हातारी नदीकाठच्याच कुठल्याशा खेड्यातली, नऊवारी नेसलेली. लेक आणि सून माडी बघायला वर गेली. म्हातारी माजघरात राहिली आणि भिंतीवरून हात फिरवू लागली. कोनाड्याच्या या बाजूला, त्या बाजूला. मी विचारले, "काय बघताय, आजी?" ती म्हणाली, "खूण बघतोय बाई. पाणी कुठवर आलतं त्याची. गावभागातलं घर आणि भिंतीवर खूण न्हाई, आसं कसं?" मी नेहमीचे वाक्य म्हटले, "थोडं येतं, आजी." तिने माझ्याकडे बघितले. रागाने नव्हे. आपल्या मुलीने खोटे बोलल्यावर आई जशी बघते, तशी. म्हणाली, "एकोनीसच्या साली आमची म्हस दावणीला मेली. थोडं म्हंजे किती, ते मला ठावं हाय." मग लेकाला हाक मारून तिने त्याला खाली बोलावले आणि ती तिघे चहा न घेता गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला वाटत होते, त्या म्हातारीच्या जागी माझी आई असती तर? तिने हे घर घेतले असते, पहिल्या पावसाळ्यात निश्चिंत झोपली असती, आणि पुलाला ५३ फूट झाल्यावर पाणी तिच्या अंथरुणाशी आले असते. सासूबाईंनी भिंतीवर जो हिशेब लिहून ठेवला होता तो माझा एकटीचा नव्हता. त्या घरात जो राहील त्याचा होता. आणि मी तो साडेसहा हजार देऊन पुसला होता.

सकाळी चहाच्याही आधी मी जुने उलथने घेतले आणि भिंत खरवडायला बसले. रंगाला आधीच फोड येऊ लागले होते. रंगारी म्हणाला होता तसेच झाले. पापुद्रे निघत गेले आणि खाली गेरू दिसू लागला. खिळ्याचा ओरखडा होता, म्हणून जागा चुकली नाही. आमच्या घरातले दारात उभे होते. मला वाटले, रागावतील. ते म्हणाले, "सरक, वरचा मी काढतो." आईच्या हातचे '२०१९' बाहेर आले तेव्हा ते तिथेच खाली बसले.

भाऊजींना फोनवर सांगितले तेव्हा ते फार चिडले. म्हणाले, "तुम्हाला व्यवहार कळत नाही. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात घर दिलं की हे असं होतं." मी काहीच बोलले नाही. पण पुढे वकीलसाहेबांनी भाऊजींनाच सांगितले, की हे नुसते पापपुण्य नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच लिहिले आहे, की घरात मोठी खोट असेल, ती विकणाऱ्याला ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला सहजी दिसण्यासारखी नसेल, तर विकणाऱ्याने ती सांगितली पाहिजे. म्हणजे जी गोष्ट त्या खेडवळ म्हातारीला कळत होती, तीच कायद्यात होती.

त्यानंतर आम्ही घर दुसऱ्यांदा तयार केले. सैल गिलावा पाडला, भिंत सबंध उन्हाळा उघडी वाळू दिली, नवा गिलावा करून वर साधा चुना दिला. गिलावा पाडताना खुणांचा तुकडा तेवढा राखला. मग मी आणि माझ्या मुलीने मिळून एका फुलस्केप कागदावर घराची माहिती लिहिली. मी सांगितले, तिने चांगल्या अक्षरात काढले. पाणी कोणत्या साली कुठवर आले. पुलाला ४५ फूट झाले की काय काय माडीवर न्यायचे. ५० झाले की म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना आधी हलवायचे. मोरीच्या गटारातून पाणी दारातल्या पाण्याच्या आधी उलटे येते, म्हणून तिथे वाळूचे पोते ठेवायचे. नळाला पाणी किती वाजता येते. माडीवर किती माणसे झोपू शकतात. चांगलेही लिहिले: बाजार पाच मिनिटांवर, शाळा जवळ, शेजार हाकेला धावणारा, आणि परसातल्या ऊनवाऱ्यात पापड एका दिवसात वाळतात. जो बघायला येईल त्याच्या हातात आधी हा कागद द्यायचा, मग घर दाखवायचे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. नदीकाठी घर असेल तर निळ्या आणि लाल पूररेषेची माहिती आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून काढून ठेवावी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. घर पाडून नवे बांधायला मिळेल की नाही हे त्यावर ठरते, आणि शहाणे गिऱ्हाईक ते विचारतेच.

कागद वाचून किती जण गेले म्हणता? सहा कुटुंबे उंबऱ्यावरूनच परत गेली. दलालाने येणे सोडले. पावसाळा तोंडावर आला. आमच्या घरातल्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही, पण रात्री कुशीवर वळताना ते जागे आहेत हे मला कळत असे. इकडे मुलीचे नर्सिंगला जायचे ठरत होते, फीची तारीख जवळ येत होती. मी चुकले की काय, असे मला दहादा वाटले. हे मी लपवत नाही.

जुलैत, भर पावसात, एक नवराबायको आली. मला वाटले, आता ह्या चिखलात काय दाखवायचे? पण माझे मत आता असे झाले आहे, की जुने घर पावसातच दाखवावे. कौल कुठे गळते, पाणी कुठे तुंबते, सगळे एका फेरीत दिसते. पावसात पसंत पडलेले घर पुढे नापसंत पडत नाही. ती बाई शिवणकाम करणारी. तिने कागद वाचला, दोनदा वाचला. मग भिंतीवरच्या खुणांपाशी उभी राहिली आणि वरच्या खुणेवर हात ठेवून तिने माडीच्या जिन्याकडे बघितले. नवऱ्याला म्हणाली, "मशीन आणि कापड वर, खाली नुसतं गिऱ्हाईक. वर्षातले आठ दिवस त्रास. भाडं देण्यापेक्षा बरं." मग मला विचारले, "काकू, सगळे हेच सांगतात की पाणी येत नाही. तुम्ही लिहून का दिलंत?" मी म्हटले, "आधी मीही तेच सांगत होते."

त्यांच्याशीच व्यवहार झाला. पुरुष भाव ठरवायला बसले तेव्हा मीही चटईच्या कडेला बसले. आजवर कधी बसले नव्हते. भाऊजींनी थोडी रक्कम रोखीने घ्यायची गोष्ट काढली. वकीलसाहेबांनी तिथेच थांबवले. १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, घेतली तर तेवढाच दंड बसतो. खरेदीखत त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नावाने झाले. बाईच्या एकटीच्या नावाने राहते घर घेतले तर आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हे तुमच्यापैकी घर घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सूट तर मिळतेच, आणि कागदावर बाईचे नावही लागते.

दलालाने आधी जो भाव सांगितला होता, त्याहून तीन लाख कमी आले. प्रत्येकाच्या वाट्याला एक लाख कमी. आमच्या त्या लाखातून मुलीची पहिल्या वर्षाची फी भरायची होती. ती मी माझ्या पाटल्या मोडून भरली. वन्सं काही बोलल्या नाहीत. भाऊजी गेली दोन वर्षे गणपतीला आले नाहीत. एवढे मात्र मनाला लागून आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खोटे नव्हे. उघडली की खरेच कमी भरते. पण ती मूठ दुसऱ्याच्या हातावर उघडायची असते, आणि त्याचे लेकरू त्या घरात जमिनीवर झोपणार असते.

दसऱ्यानंतर किल्ल्या दिल्या. निघताना मी तुळशीला पाणी घातले, चुलीपाशी हळदकुंकू वाहिले आणि माजघरात जाऊन सासूबाईंच्या खुणांवर पुन्हा थोडा गेरू फिरवला.

पुढच्या पावसाळ्यात नदी चढू लागली तशी एका संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. "काकू, किती फुटाला मशीन वर न्यायचं?" मी म्हटले, "कागदात लिहिलंय की गं, ४५." ती म्हणाली, "वाचलंय हो. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे धीर येतो." त्या वर्षी पाणी उंबऱ्याला लागले नाही. पण मशीन मात्र तिने आधीच वर नेले होते.

तेव्हा भगिनींनो, घर विकायला काढाल तेव्हा झाडा, पुसा, नळ दुरुस्त करा, खिडक्या उघडा, कागद एका पिशवीत लावा. आणि सगळ्यांत आधी एक करा. घरभर फिरून स्वतःलाच विचारा, की ह्यातले काय लपवावेसे वाटते आहे? कुणाची भिंत असेल, कुणाची कोर्टातली तारीख असेल, कुणाच्या नणंदेचा वाटा असेल. जे लपवावेसे वाटेल तेच पहिल्यांदा दाराशी ठेवा. गिऱ्हाईक थोडे उशिरा येईल. पण जे येईल ते टिकेल, आणि पुढे रस्त्यात भेटले तर तुम्हाला तोंड चुकवावे लागणार नाही.

ह्या वेळी मी निम्म्यावर रडून खाली बसले नाही, एवढेच सासूबाईंना कळवायचे राहिले.